भाऊ, यंदा केळी नकोत

प्रति,
नागपूर शहरातले आजी, माजी आणि भावी नगरसेवक, आमदार, शहराध्यक्ष, आणि ज्यांच्या वाढदिवसाचे फलक व्हेरायटी चौकापासून मानेवाड्यापर्यंत लागतात ते सर्व भाऊ, दादा आणि ताई



तुमचा वाढदिवस कसा साजरा होतो, हे आता शहराला पाठ आहे. सकाळी टेकडीच्या गणपतीचं दर्शन, मग रक्तदान शिबिर, मग एखाद्या शाळेत वह्या, आणि दुपारच्या जेवणाआधी मेडिकल, मेयो नाहीतर डागा या सरकारी दवाखान्यांत ‘रुग्णांना फळवाटप’. दुसऱ्या दिवशी पेपरच्या आतल्या पानात चार ओळी आणि एक फोटो. मधे तुम्ही, भोवती पंधरा-वीस कार्यकर्ते, सगळ्यांची नजर कॅमेऱ्याकडे. खाटेवरचा माणूस मात्र कुठे पाहावं ते न कळून केळ्याकडे पाहत असतो. हे पत्र त्याच्या वतीने आहे. त्याने मला काही वकीलपत्र दिलेलं नाही, पण तो स्वतः तुम्हाला कधी काही बोलायचा नाही, म्हणून मी लिहिते.

आधी तुमच्या बाजूचं बोलून घेते. तुमची केळी वाया जातात असं मी म्हणणार नाही. मेडिकल १९४७ सालचं, मेयो तर इंग्रजांच्या काळातलं, आणि आजही गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, पलीकडून बालाघाट, शिवनी, छिंदवाडा, छत्तीसगड अशा सगळीकडून माणसं याच दोन दारांशी येतात. एका पेशंटबरोबर दोघं-तिघं असतात. पेशंटला दवाखान्याचं जेवण मिळतं, बरोबरच्यांना नाही. त्यामुळे तुमचं केळं बहुतेक वेळा खाटेवरचा खात नाही, खाटेखाली चटई टाकून बसलेला खातो. त्याला भूक असते आणि तो मनापासून दुवा देतो. पण फोटो त्याचा निघत नाही. त्याला काय हवंय हे विचारायला कोणी थांबतही नाही.

एका वॉर्डात मी माझ्या माणसाच्या उशाशी बसले होते. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, हे कुठेही घडू शकतं. शेजारच्या खाटेवर पोटाचं ऑपरेशन झालेले एक काका होते. नाकात नळी, एका हाताला सलाइन, आणि खाटेच्या दांडीला सुतळीने बांधलेला पुठ्ठा: ‘तोंडाने काही देऊ नये’. आदल्या रात्रीपासून ते घोटभर पाण्यासाठी सिस्टरच्या मागे लागलेले. सिस्टर ओला बोळा ओठांवरून फिरवायच्या, त्यापुढे काही नाही. तेवढ्यात गळ्यात उपरणी घातलेली मंडळी आत आली. ‘घ्या काका, घ्या. हात समोर करा. इकडे पाहा.’ काकांनी सलाइनचा हात उचलला, कारण मोकळा हात भिंतीकडच्या बाजूला होता आणि तो फोटोत येत नव्हता. नळीत रक्त वर चढलं. फोटो निघाला. दोन केळी, एक सफरचंद आणि बिस्किटाचा पुडा त्यांच्या छातीवर राहिला आणि मंडळी पुढच्या खाटेकडे गेली. त्यांच्या बायकोने ते उचलून पिशवीत टाकलं, तेव्हा काका नळीच्या आवाजात म्हणाले, ‘दिसू देऊ नको माह्या डोळ्याले.’

काका ‘नको’ का म्हणाले नाहीत, हा प्रश्न तुमच्यासाठी महत्त्वाचा आहे. त्यांना वाटलं, ही मोठी माणसं आहेत, यांना नाही म्हटलं तर उद्या डॉक्टर आपल्याकडे पाहणार नाहीत. तसं होत नाही हे तुम्हाला माहीत आहे, मलाही आहे. त्यांना माहीत नव्हतं. घरी पाहुणा आला आणि नको असलेली वस्तू घेऊन आला तर आपण ‘असू द्या हो’ म्हणून परत करू शकतो. खाटेवर, दवाखान्याच्या कपड्यात, परक्याच्या भरवशावर पडलेल्या माणसाला ती सोय नसते. म्हणून दवाखान्यात काही द्यायचं तर आधी विचारायचं, एवढी एकच रीत मी तुम्हाला मागते. बाकी पत्र त्याच्याच तपशिलाचं आहे.

फळं पौष्टिक असतात, त्यात काय विचारायचं, असं तुमचे कार्यकर्ते म्हणतील. त्यांना एकदा डायलिसिसच्या वॉर्डात पाठवा. किडनी चांगली असेल तर जेवणातलं जास्तीचं पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. ती निकामी झाली की ते रक्तात साठतं आणि एका मर्यादेपलीकडे हृदयाचे ठोके बिघडवतं, प्रसंगी थांबवतंही. त्याआधी दुखतखुपत काही नाही, त्यामुळे सावध व्हायला वेळही मिळत नाही. अशा पेशंटला दिवसभरात साधारण २००० मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगतात. एक मोठं शहाळं त्यातला चौथा हिस्सा आरामात घेऊन जातं. केळं त्याच जातीचं, संत्र्याचा रसही. आता नागपुरात पेशंटला भेटायला जाताना माणूस काय घेऊन जातो? थंडीत संत्र्याची पिशवी, उन्हाळ्यात शहाळं, एरवी केळी. २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं आपलं संत्रं आपण अभिमानाने नेतो, आणि किडनीच्या पेशंटपुढे नेमकं तेच ठेवतो. डायटिशियनने बायकोला तासभर समजावून सांगितलेलं असतं. आलेला पाहुणा ‘एका फोडीने काय होते हो’ म्हणून ते अर्ध्या मिनिटात पुसून टाकतो. तुमच्या फळवाटपात तर एवढंही बोलणं होत नाही.

साखरवाल्यांचं तुम्हाला माहीत आहे, ते पुन्हा सांगत नाही. काविळीच्या पेशंटला नाक्यावरचा उसाचा रस बर्फ टाकून आणणाऱ्यांनी तो बर्फ कुठल्या पाण्याचा, एवढं विचारावं. आणि पुष्पगुच्छ! केमो चालू असलेल्या माणसाच्या पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात. ताज्या फुलांवर बुरशीचे कण असतात, फुलदाणीच्या पाण्यात जंतू वाढतात. म्हणून कॅन्सरच्या वॉर्डात आणि आयसीयूत फुलं आत घेत नाहीत. सिस्टर गुच्छ दारातच ठेवायला सांगतात तेव्हा तो तुमचा अपमान नसतो. मागे एकाने त्यावरून आवाज चढवला होता, म्हणून लिहिलं.

बाळंतिणीच्या वॉर्डात जरा जास्त जपून. मुलींच्या जन्माचं स्वागत म्हणून तुम्ही टोपडं-दुपटं देता ते छान आहे, चालू ठेवा. पण त्या पिशवीत दुधाची बाटली आणि पावडरचा डबा घालू नका. आईच्या दुधाच्या जागी येणारी पावडर आणि बाटल्या यांचे नमुने वाटणं, त्या खपाव्यात म्हणून आयांना किंवा आरोग्य कर्मचाऱ्यांना भेटी देणं, हे १९९२ च्या कायद्याने बंद केलंय आणि २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. एखादी कंपनी तुमच्या वाढदिवसाला ‘प्रायोजक’ म्हणून पुढे आली, तर ती इतकी उदार का झालीय याचा विचार करा. आणि कोणाची आजी मधाचं बोट चाटवायला निघाली, तर तिला नम्रपणे अडवा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नसतो.

आता रक्तदान शिबिराबद्दल. हे तुमचं खरोखर मोलाचं काम आहे. विदर्भात सिकलसेलची घरंच्या घरं आहेत, थॅलेसेमियाची मुलं आहेत, त्यांना पुन्हा पुन्हा रक्त लागतं. फक्त एक अडचण आहे. लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात आणि प्लेटलेट्स ५ दिवस. तुमच्यातल्या चौघांचे वाढदिवस एका आठवड्यात आले की रक्तपेढीत ठेवायला जागा नसते. पुढे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, कॉलेजं बंद असतात, तेव्हा नातेवाईक ‘ओ निगेटिव्ह आहे का’ म्हणून फोन करत सुटतात. वाढदिवस पुढेमागे करता येत नाही, शिबिर येतं. रक्तपेढीच्या माणसाला विचारून तारीख घ्या. आणि रक्त देणाऱ्याला हेल्मेट नि बॅगांचं आमिष नको. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने पैसे घेऊन रक्त देणं बंद करायला लावलं, २००२ च्या राष्ट्रीय रक्त धोरणानेही विनामोबदला रक्तदानाचाच आग्रह धरला. तेच मागच्या दाराने आणू नका. चहा, बिस्किट, थोडा आराम, एवढं पुरे.

केळ्यांपेक्षा मोठी भेट तुम्ही मतदाराला देता ती फोनवरून. ‘आपला माणूस आहे, जरा पाहून घ्या.’ पलीकडे रात्रीची ड्युटी संपत नसलेला निवासी डॉक्टर असतो, नाहीतर त्याचे साहेब. तो ‘हो सर’ म्हणतो. तुमचा माणूस एमआरआयच्या यादीत वर सरकतो, वॉर्डात त्याला पंख्याखालची खाट मिळते. ज्याची तारीख पुढे गेली, त्याला ती कोणाच्या फोनमुळे गेली, ते कधीच कळत नाही. त्याच्याकडे तुमचा नंबर नसतो, एवढाच त्याचा गुन्हा. मला माहीत आहे, फोन केला नाही तर तुमच्या दारातली माणसं म्हणतील, भाऊ बदलले. आणि कधीकधी तो फोन खरंच गरजेचा असतो. पेशंट तासन्‌तास कॅज्युअल्टीत स्ट्रेचरवर पडून असेल आणि कोणी पाहत नसेल तर कराच. पण त्या वेळी बोला तो पेशंट तसा का पडलाय यावर, तो कोणाचा आहे यावर नको.

याच दारातली माणसं ऑपरेशनच्या आधी तुमच्या कार्यालयात आणखी एक प्रश्न घेऊन येतात. हळूच विचारतात, ‘डॉक्टरसाहेबांना काय द्यावं लागेल?’ तुमचा पीए जे उत्तर देतो तेच त्या घरासाठी दवाखान्याचा नियम ठरतो. म्हणून ते उत्तर त्याला नीट माहीत असलेलं बरं. उत्तर आहे: काही नाही. सरकारी दवाखान्यातला डॉक्टर हा शासकीय कर्मचारी आहे, आणि भेटी घेण्यावर त्याला महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ ची बंधनं आहेत. औषध कंपन्यांकडून भेटवस्तू, सहली, पाहुणचार घेण्यावर मेडिकल कौन्सिलने २००९ मध्येच सगळ्या डॉक्टरांना, खासगीतल्यांनाही, बंदी घातली. पेशंट दुसरीकडे पाठवण्याबद्दल कमिशन घ्यायला तर त्याआधीच्या, २००२ च्या नियमांतच मनाई होती. ‘कट’ तरीही सगळ्यांना ठाऊक आहे. महाराष्ट्राने २०१७ मध्ये त्याविरुद्ध कायद्याचा मसुदा केला, तो मसुदाच राहिला; तुमच्यातल्या आमदारांना यावर विधानसभेत विचारता आलं तर फळांच्या शंभर पाट्यांपेक्षा मोठी भेट होईल. २२ फेब्रुवारी २०२२ ला सुप्रीम कोर्टाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली: डॉक्टरांना दिलेल्या अशा भेटींचा खर्च कंपन्यांना प्राप्तिकरात वजा करून घेता येणार नाही. कारण सरळ आहे. त्या भेटींचे पैसे शेवटी औषधाच्या किमतीत शिरतात आणि तुमच्या-माझ्या खिशातून जातात.

मग पेशंटने कृतज्ञता दाखवायचीच नाही का? दाखवावी, आणि आपल्याकडे ती दाखवल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. सुट्टी झाली, टाके निघाले, पेशंट चालत घरी निघाला, की संत्रा बर्फीचा एक डबा सगळ्या युनिटसाठी सिस्टरच्या टेबलावर ठेवला तर कोणाला राग येत नाही. तो सगळ्यांत वाटला जातो, रात्रपाळीच्या वॉर्डबॉयपर्यंत पोचतो. हाच डबा ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी डॉक्टरांच्या खोलीत एकट्याने नेला की त्याला वेगळा वास येतो. डॉक्टरही अवघडतो आणि देणाऱ्याच्या पोटात गोळा असतोच. सुट्टीनंतरचं पत्र तर फार कमी लोक लिहितात. कुठल्या सिस्टरने रात्री तीन वाजता काय केलं, कुठल्या मावशीने पेशंटचं अंथरूण न कुरकुरता बदललं, हे नावानिशी अधिष्ठात्यांना लिहिलं तर ते त्या माणसाच्या कामाच्या नोंदीत जाऊ शकतं. माझ्या ओळखीच्या एका सिस्टरने असं एक पत्र घरी लॅमिनेट करून ठेवलंय. मिठाईचे डबे किती आले ते तिच्या लक्षातही नाही.

एक गोष्ट मात्र कृतज्ञतेच्या नावाखाली चालते आणि तिला मी कृतज्ञता म्हणणार नाही. बाळ झालं की ‘खुशी’ मागतात. मुलगा असेल तर मागणी मोठी, मुलगी असेल तर ‘चला, द्या जे असेल ते’. बाळाचं पहिलं दर्शन अडवून धरलेलं असतं, बाप भांबावलेला असतो, बायकोकडे कोण पाहील या भीतीने तो शेजारच्या खाटेवाल्याकडून उसने घेऊन देतो. जून २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझेरियनसकट, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, घरापासून दवाखान्यापर्यंत येण्या-जाण्याची गाडी, सगळं मोफत आहे. हे त्या बापाला माहीत नसतं. तक्रार करायची तर लाचलुचपत विभागाचा १०६४ हा नंबर आहे, तोही माहीत नसतो. आणि २०१८ पासून लाच देणाराही कायद्याने अडकतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवावं लागतं. गडचिरोलीहून आलेल्या माणसाने हे कुठे वाचायचं? मागणाऱ्या मावश्यांची बाजू मला माहीत आहे. कंत्राटी नोकरी, महिनोन्‌महिने थकलेला पगार. तो पगार वेळेवर होईल असं पाहणं हे तुमच्याच हातातलं काम आहे.

आता तुम्ही म्हणाल, केळी नको, फुलं नको, फोन नको, मग आम्ही करायचं काय? दवाखान्यात शिरल्यावर विचारलंत तर लोक पटापट सांगतील. सुट्टी झाली तरी गावी जायला गाडीभाडं नसतं. अंघोळीला बादली नसते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचार ५ लाखांपर्यंत मोफत होऊ शकतात, पण रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही, आणि सिरोंच्याचा माणूस कागद आणायला परत सिरोंच्याला जातो. तुमचा एक चुणचुणीत कार्यकर्ता, ज्याला तहसीलमधली माणसं ओळखतात, आठवड्यातून दोन दिवस योजनेचे कागद पाहणाऱ्या आरोग्यमित्राच्या खिडकीजवळ बसवा. उपरणं घालून बसला तरी चालेल. दहा रुपयांच्या जेवणाची रांग कुठे आहे, ती किती वाजता संपते, हे सांगणारा माणूससुद्धा पहिल्या दिवशी देवासारखा वाटतो.

आणि दरमहा काही करायची तयारी असेल तर टीबीच्या पेशंटचे निक्षय मित्र व्हा. सप्टेंबर २०२२ पासून ही सोय आहे. कोणीही, लोकप्रतिनिधीही, किमान सहा महिने पेशंटला पोषण आहाराची टोपली देऊ शकतो. त्यातली मला आवडलेली गोष्ट अशी की पेशंटची संमती आधी घेतात. तो नको म्हणाला तर विषय संपला. सरकारी कागदात इतका शहाणपणा क्वचित सापडतो. फोटोसाठीही हाच नियम ठेवा. आजार ही माणसाची खासगी गोष्ट आहे. टीबी वॉर्डातल्या मुलीचा चेहरा पेपरात आला तर तिचं जमलेलं लग्न मोडू शकतं, आणि ते जोडायला तुम्ही येणार नसता.

शेवटी कामाचं. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांना अभ्यागत मंडळ असतं आणि त्यावर तुम्हीच बसता. पुढच्या बैठकीत एक ठराव मांडा. दवाखान्याच्या गेटवर, ओपीडीत आणि बाळंतिणीच्या वॉर्डाबाहेर एकेक मोठा फलक लावायचा: इथे कोणालाही पैसे द्यायचे नाहीत, मुलगा झाला तरी, मागितले तर १०६४, पेशंटला काही खायला देण्याआधी सिस्टरला विचारा, आत फुलं नेऊ नका, आभार मानायचे तर पेटी इथे आहे, त्यात चिठ्ठी टाका. मराठीत, हिंदीत आणि गोंडीत. वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रांसकट. खासगी दवाखान्यांना २०२१ च्या नियमांनी रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावायला लावलीच आहे, तिच्या शेजारी हेही लागू शकतं. छपाईचा खर्च एका वाढदिवसाच्या फलकांपेक्षा कमी येईल, हे तुमच्या फ्लेक्सवाल्याला विचारून पाहा.

फलकावर खाली ‘सौजन्य’ म्हणून तुमचं नाव घालायला माझी हरकत नाही. एखादा छोटा फोटोही घाला. फक्त तो १०६४ पेक्षा मोठा नको, आणि वाढदिवस झाला की उतरवू नका.

आपली,
पेशंटच्या उशाशी बसणारी एक नागपूरकर